पिंजऱ्यातला खेकडा कुणाचा?

मराठवाड्याला समुद्र नाही, पण समुद्राचं वेड आपल्याला कोकणातल्या माणसापेक्षा काकणभर जास्तच. सेमिस्टर संपलं की ग्रुपवर पहिला प्रस्ताव येतो दापोली, श्रीवर्धन नाहीतर मालवणचा. सगळे 'हो' म्हणतात, निम्मे ऐनवेळी गळतात आणि उरलेले जवळपास चारशे किलोमीटर गाडी हाणत किनारा गाठतात. पूर्वी या ट्रिपमध्ये वाळूतलं क्रिकेट, सूर्यास्ताचे फोटो आणि सुरमईची थाळी एवढंच असायचं. आता त्यात मासेमारीची भर पडलीय. कुणी ऑनलाइन मागवलेला घडीचा रॉड बॅगेत टाकतं, कुणी होमस्टेच्या काकांकडून गळ मागून घेतं, तर कुणी थेट खेकड्याचा पिंजरा खाडीत सोडतं.

छंद म्हणून यात वाईट काहीच नाही. उलट मोबाइल खिशात ठेवून दोन तास पाण्याकडे बघत बसणं आपल्या पिढीला जमत असेल, तर चांगलंच आहे. प्रश्न पुढे सुरू होतो. ओहोटीला खाडीकाठाने चालताना पाण्यात एक प्लास्टिकची बाटली तरंगताना दिसते. तिला दोरी बांधलेली असते. दोरी ओढली की खालून पिंजरा वर येतो आणि त्यात दोन-चार मस्त चिंबोऱ्या असतात. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मग दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं : 'अरे, समुद्रातलंच तर आहे.' दुसरं : 'दोन खेकड्यांनी काय फरक पडतो?'

आज बोलायचंय ते या दोन वाक्यांबद्दल. खेकड्याचा पिंजरा रिकामा करणं, दोरी कापून नेणं किंवा पिंजराच उचलून गाडीच्या डिक्कीत टाकणं, याला आपल्याकडे कुणी चोरी म्हणत नाही. 'मस्ती' म्हणतात. रील झाली तर 'कंटेंट' म्हणतात.

एका बाटलीखाली काय असतं?

खेकड्याचा पिंजरा दिसायला साधा असतो. लोखंडी सळईची चौकट किंवा कडं, त्यावर जाळी, आत बांधलेलं आमिष. आमिष म्हणजे कोंबडीचे टाकाऊ तुकडे किंवा स्वस्त मासळीची डोकी. त्याचा वास पाण्यात पसरला की खेकडा येतो. काही पिंजऱ्यांना आत जाणारी निमुळती वाट असते, त्यातून आत गेलेल्याला परत फिरता येत नाही. काही नुसतीच उघडी कडी असतात. त्यांच्यावर बसून खेकडा खात असतानाच ती झटक्यात वर ओढावी लागतात.

पिंजरा कुठेही आणि केव्हाही टाकून चालत नाही. खाडीचा चिखलातला खेकडा बहुतेक रात्री हिंडतो, म्हणून पिंजरे संध्याकाळी लावायचे आणि पहाटे काढायचे. भरती-ओहोटीची वेळ रोज बदलते, तसं झोपेचं गणितही बदलतं. उधाणाला पाण्याला ओढ जास्त, भांगाला कमी, त्यानुसार जागा आणि दोरीची लांबी ठरते. अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ, असं किनाऱ्यावर सर्रास मानलं जातं, त्यामुळे त्या दिवसांत गिऱ्हाईकही बघूनच येतं. म्हणजे त्या एका बाटलीखाली कुणाचा तरी हिशोब असतो, कुणाची तरी अर्धवट झोप असते आणि उद्याच्या बाजाराचे पैसे असतात.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा हंगाम असल्यामुळे ही बंदी योग्यच आहे. पण या दिवसांत खाडीत पाग टाकून, गळ लावून किंवा पिंजरे टाकून जे मिळेल त्यावर अनेक घरांचा बाजारखर्च चालतो. आणि आपल्याकडच्या पोरांच्या 'मान्सून ट्रिप' नेमक्या याच दिवसांत निघतात.

समुद्र सगळ्यांचा, मग खेकडा?

'समुद्रातलंच आहे' हे वाक्य अर्धं खरं आहे. मोकळ्या पाण्यात फिरणारा खेकडा कुणाच्याच मालकीचा नसतो. नियम पाळून जो पकडेल त्याचा. मग 'पकडला' कधी म्हणायचं? या प्रश्नावर जगात खरंच कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत.

१८०५ साली न्यूयॉर्कमध्ये 'पियर्सन विरुद्ध पोस्ट' नावाचा खटला गाजला. एकाने कुत्रे घेऊन कोल्ह्याचा पाठलाग केला आणि मध्येच दुसऱ्याने येऊन तो कोल्हा मारून नेला. कोर्टाने सांगितलं, नुसत्या पाठलागाने मालकी येत नाही. पुढे १८४४ मध्ये इंग्लंडमध्ये 'यंग विरुद्ध हिचेन्स' खटल्यात प्रश्न मासळीचा होता. एका मच्छीमाराने माशांच्या थव्याभोवती जाळं जवळजवळ पूर्ण फिरवलं होतं, थोडीशी फट उरली होती. तेवढ्यात दुसरी होडी त्या फटीतून आत शिरली आणि मासे घेऊन गेली. इथेही कोर्ट म्हणालं, जाळं बंद झालं नव्हतं, म्हणजे मासे अजून ताब्यात आले नव्हते.

हे निकाल ऐकून पहिल्या मच्छीमाराची दया येते. पण त्यातली रेघ स्पष्ट आहे. फट उघडी असेपर्यंत मासा कुणाचाच नाही. जाळं मिटलं की तो मिटवणाऱ्याचा. बंद पिंजऱ्यातला खेकडा या रेघेच्या कुठल्या बाजूला पडतो, हे सांगायला वकील लागत नाही. आणि पिंजरा, दोरी, आमिष या गोष्टी तर कधीच 'समुद्रातल्या' नव्हत्या. त्या कुणीतरी पैसे मोजून आणल्या होत्या. विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी रस्ता सरकारी आहे म्हणून सरकारी होत नाही. तसंच हे.

पाच हजारांच्या आतली चोरी

'दोन खेकड्यांनी काय फरक पडतो' या दुसऱ्या वाक्याला कायद्याने नकळत बळ दिलंय. आपल्याला माहीत असायला हवं असं हे प्रकरण आहे. कारण होस्टेलमधून गेलेली सायकल, गाडीवरून गेलेलं हेल्मेट आणि खाडीतून गेलेला पिंजरा तिन्हींचं भवितव्य एकाच कलमात आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पण चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा, म्हणजे समाजाच्या उपयोगाचं विनामोबदला काम. ही तरतूद चांगलीच आहे. वीस वर्षांच्या पोराला चार खेकड्यांसाठी तुरुंगात पाठवून कुणाचंच भलं होणार नाही. चार सकाळी बंदरावर कचरा उचलायला लावला, तर मात्र थोडं भलं होईल.

अडचण आहे ती त्याआधीच्या पायरीवर. पाच हजारांच्या आतली अशी चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे पोलीस तक्रार ऐकून तिची नोंद करतील, आपण ज्याला 'एनसी' म्हणतो ती, आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जायला सांगतील. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आता विचार करा. काही शेकड्यांत तयार होणारा पिंजरा गेलाय. त्यासाठी कोण धंदा बुडवून तालुक्याच्या कोर्टात खेटे घालणार? कुणीच नाही. म्हणून तक्रार होत नाही, तक्रार नाही म्हणून आकडा नाही आणि आकडा नाही म्हणून प्रश्नच नाही.

पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला बातमीमूल्य शिकवतात. कितींना फरक पडला, किती रकमेचं नुकसान झालं, माणूस किती मोठा. या फुटपट्टीने खेकड्याचा पिंजरा कधीच बातमी होत नाही. खेकडा मात्र झालाय. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, अनेकांचे जीव गेले आणि तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी दोष खेकड्यांच्या माथी मारला. त्यावर विरोधी पक्षाचे कार्यकर्ते ठाण्यात चक्क खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात पोचले, या 'आरोपींना' अटक करा म्हणाले. म्हणजे आपल्या राज्यात खेकडा आरोपी म्हणून पोलीस ठाण्याची पायरी चढलाय, पण ज्याचे खेकडे चोरीला जातात तो माणूस ती पायरी चढायला धजत नाही.

मग सूड घ्यायचा का?

कायदा पोचत नाही तिथे माणसं स्वतःचा कायदा करतात. माझा पिंजरा रिकामा झाला, मी शेजारच्याचा करतो. त्याने माझी दोरी कापली, मी त्याच्या दहा कापतो. यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते खाडीचंच. दोरी कापलेला पिंजरा तळाशी तसाच पडून राहतो आणि मालकाशिवाय काम करत राहतो. खेकडा आत जातो, अडकतो, मरतो. तो मेला की त्याचंच आमिष होतं आणि त्या वासाने पुढचा आत येतो. नायलॉनची जाळी लवकर कुजत नाही, त्यामुळे हे चक्र बराच काळ चालू राहतं. म्हणजे 'मस्तीत' कापलेली एक दोरी चोरीपेक्षाही महाग पडते. आणि मुद्दाम नुकसान करणं हा चोरीहून वेगळा, स्वतंत्र गुन्हा आहे हेही लक्षात ठेवा.

जगात काही ठिकाणी लोकांनी यातून वाट काढली आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर लॉब्स्टर पकडणारे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथे प्रत्येक परवानाधारकाच्या तरंगत्या खुणेचे रंग ठरलेले आणि नोंदवलेले असतात. पाण्याकडे नुसतं बघून पिंजरा कुणाचा ते कळतं. जेम्स अचेसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८८ साली या लोकांवर पुस्तक लिहिलं. त्यात एक गंमत आहे. कुणी दुसऱ्याच्या हद्दीत पिंजरा टाकला, तर आधी त्याच्या खुणेला दोरीची गाठ मारून ठेवतात. अर्थ एवढाच की, 'आम्हाला दिसलंय, समजून घे.' बहुतेक जण तेवढ्यावर समजून घेतात. न ऐकणाऱ्याचे पिंजरे मात्र पुढे कापले जातात, म्हणजे तिथेही सगळं गोडीगुलाबीने चालतं असं नाही. पण सुरुवात सूचनेने होते.

तुर्कस्तानातल्या अलान्या या गावाने वेगळा मार्ग शोधला. तिथे मासेमारीच्या जागा ठरवून त्यांना नावं दिली. दर सप्टेंबरला चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक जागा मिळायची आणि मग रोज प्रत्येक जण एक जागा पुढे सरकायचा. चांगली जागा सगळ्यांच्या वाट्याला येणार म्हटल्यावर भांडण कशाला? शिवाय आपल्या पाळीच्या चांगल्या जागेवर दुसरा कुणी बसलाय का, हे जो तो स्वतःच बघायचा, वेगळा पहारेकरी लागायचा नाही. हे उदाहरण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगापुढे आणलं. सामाईक गोष्टी लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या कामासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

दुसरं टोक म्हणजे फ्लोरिडा. तिथे दुसऱ्याच्या खेकड्याच्या पिंजऱ्याशी मुद्दाम छेडछाड करणं हा गंभीर गुन्हा मानतात आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याला एवढ्या टोकाला जायची गरज नाही. पण पिंजऱ्याच्या किमतीवरून गुन्ह्याचं वजन ठरवायचं नसतं, एवढं तरी त्यातून घेता येईल. ज्या गोष्टीची राखण करणं मालकाला शक्यच नसतं, ती विश्वासावर सोडलेली असते. शेतातला मोटारपंप, बांधावरचा कडबा, पाण्यातला पिंजरा. या चोऱ्या मराठवाड्याच्या पोरांना समजावून सांगाव्या लागू नयेत. रात्रीतून विहिरीवरची केबल कापून नेल्यावर घरात काय वातावरण असतं, ते आपल्यातल्या अनेकांनी पाहिलंय. केबलची किंमत थोडी, पण पाण्याची पाळी हुकते आणि उभं पीक सुकतं.

हे फक्त कोकणाचं नाही

समुद्र लांब असेल, पण नाथसागर तासाभरावर आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. तेव्हापासून या विस्तीर्ण जलाशयाच्या काठाने भोई, कहार, कोळी समाजाची अनेक कुटुंबं मासेमारीवर जगतात. संध्याकाळी जाळी लावायची, पहाटे काढायची. पद्धत तीच आणि धोकाही तोच. रात्री जाळं पाण्यात एकटं असतं.

शनिवार-रविवारी बॅकवॉटरला पार्टी करायला जाणाऱ्यांची संख्या कमी नाही. गळ टाकून बसणारेही वाढलेत. इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक, नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे तिथे वन्यजीव विभागाचे नियम लागू होतात. दोन, राज्यातल्या जलाशयांतली मासेमारी ठेक्याने किंवा परवान्याने चालते आणि ती बहुतेक करून मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असते. म्हणजे 'धरण सरकारचं, मासे सगळ्यांचे' हाही गैरसमजच. गळ टाकण्याआधी परवानगीचं विचारून घ्यावं आणि पाण्यातलं कुणाचं जाळं 'बघू तर काय लागलंय' म्हणून उचलू नये.

काय करायला हवं?

आमचं म्हणणं साधं आहे. छंद बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण छंद करणाऱ्याने पोट भरणाऱ्याच्या वाटेत येऊ नये, ही किमान अट आहे.

छंदाने मासे पकडणाऱ्यांनी आपल्या प्रत्येक पिंजऱ्यावर नाव आणि फोन नंबर लिहावा, खुणेला ठरावीक रंग द्यावा. गावात गेल्यावर आधी तिथल्या मच्छीमार सोसायटीत किंवा निदान घरमालकाला विचारावं की इथे कोण कुठे पिंजरे लावतं. लावलेला पिंजरा परत काढूनच गाव सोडावं. पोटाखाली अंड्यांचा पुंजका असलेली मादी आणि लहान खेकडे लगेच पाण्यात सोडावेत. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलंय. बोटवाल्याने तो नियम पाळायचा आणि आपण चिमुकल्या खेकड्याला तळून खायचं, हे बरोबर दिसत नाही.

ज्यांचा पिंजरा जातो, त्यांनी गप्प बसू नये. एनसी तर एनसी, पण नोंद करावी. एकाच खाडीत वारंवार चोऱ्या होत असतील तर सोसायटीमार्फत एकत्र अर्ज द्यावा. नोंदी साठल्या की पोलिसांनाही गस्तीसाठी कारण मिळतं. आणि संशयावरून कुणाची दोरी कापू नये, कारण तिथून पुढे खरा चोर कोण हे कुणालाच कळत नाही.

मत्स्यव्यवसाय विभागाकडूनही एक अपेक्षा आहे. छंद म्हणून मासेमारी करणाऱ्यांसाठी सोपी, ऑनलाइन, नाममात्र शुल्काची नोंदणी ठेवा. नोंदणी क्रमांक पिंजऱ्यावर लिहिलेला असला की निनावी बाटली उरणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा दिला. मग बांधावरच्या चोरीची जेवढी दखल घेतली जाते, तेवढी तरी पाण्यातल्या चोरीची घ्या.

आणि आपल्यासाठी, म्हणजे कॉलेजच्या ट्रिप ग्रुपसाठी, नियम एका ओळीचा आहे : जे तुम्ही पाण्यात टाकलं नाही, ते पाण्यातून काढू नका. खेकडे हवे असतील तर पहाटे बंदरावर जा. पिंजरे काढून आलेली मावशी किंवा दादा तिथेच असतात. भाव करा, विकत घ्या. त्यांनी परवानगी दिली तर त्यांच्यासोबत होडीत बसून पिंजरे ओढा आणि खुशाल रील करा. नांगी कशी धरायची, दोरा कसा बांधायचा, हे ते हसत शिकवतील. चोरून उचललेल्या पिंजऱ्यात हे शिकवणारं कुणी नसतं, आणि खेकड्याने बोट धरलं की सोडवणारंही कुणी नसतं.

मराठी माणसाबद्दल एक जुना टोमणा आहे. खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही म्हणे, एक वर चढला की बाकीचे त्याचे पाय ओढतात. टोमणा ऐकून आपल्याला राग येतो. यायलाच हवा. पण पुढच्या ट्रिपला खाडीत एकटी तरंगणारी बाटली दिसेल, तेव्हा तो खोटा ठरवायची संधी आपल्याच हातात असेल. बाटली तशीच राहू द्या. पहाटे तिचा मालक येणार आहे.